विहिरीला विचारायचा खडा

आमच्या घरातला रेडिओ आमच्यापुरता कधी लागलाच नाही, तो सगळ्या गल्लीसाठी लागायचा. सकाळच्या बातम्या सुरू झाल्या की समोरच्या काकू स्वतःचा रेडिओ बंद करून टाकायच्या. म्हणायच्या, दोन-दोन कशाला, तुमचाच ऐकते की. गारखेड्यातलं ते दोन खोल्यांचं भाड्याचं घर, वर पत्रे, मधे एक पडदा. पडद्याच्या अलीकडं आई भाकरी थापायची, पलीकडं मी कागद पसरून बसायचे आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, मधल्या खुर्चीत रेडिओला कान लावून. भाकरीची थापथाप, स्टोव्हचा फर्रफर्र आवाज, रेडिओ, आणि या सगळ्यांच्या वर आई: "अहो, जरा कमी करा, कुकरच्या शिट्ट्या मोजता येईनात." अण्णा मान डोलवायचे आणि आवाज होता तसाच ठेवायचे. मला वाटायचं, हेकट आहेत. त्या वयात दुसऱ्यानं केलं की तो हेकटपणा आणि मी केलं की तो माझा स्वभाव, असा माझा सरळ हिशेब होता.

माझ्या पायाला तेव्हा भिंगरी होती. बसले तरी एक पाय हलतच असायचा. आई म्हणायची, "वैशे, बसल्या जागी पाय हलवू नये, घरातली लक्ष्मी जाते." मी म्हणायचे, जाऊ दे, मलापण सोबत नेऊ दे. चित्रकलेचं शेवटचं वर्ष होतं. वर्षाच्या शेवटी प्रदर्शन, आणि त्यात ज्याचं काम सगळ्यांत वेगळं निघेल त्याला आमचे सर बडोद्याला पुढच्या शिक्षणासाठी शिफारशीचं पत्र देणार, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. ते पत्र मला हवं होतं. झोपेत हवं होतं, भाकरी मोडताना हवं होतं. सर रोज म्हणायचे, झाडं काढता, डोंगर काढता, पण तुम्हाला डोंगर आहे हे कळतं कशावरून ते काढा. वर्गातली निम्मी पोरं या वाक्यावर हसायची. मला ते वाक्य चावलं होतं, आणि त्याचं काय करायचं ते सुचत नव्हतं, म्हणून मी घरात सगळ्यांवर खेकसत होते.

अण्णा भूजलाच्या ऑफिसात विहिरी मोजायला होते. पाणी किती खोल गेलं, किती वर आलं, हे वर्षातून ठरलेल्या वेळी जाऊन बघायचं आणि रजिस्टरात लिहायचं. वैजापूरकडच्या विहिरी त्यांच्याकडं. त्यांच्या खाकी पिशवीत एक पोलादी टेप, खडूची पेटी, रजिस्टर, आणि चिवड्याच्या जुन्या डब्यात सुपारीएवढे गोल खडे असायचे. टेपच्या शेवटच्या हातभर भागाला खडू फासायचा, टेप विहिरीत सोडायची, आणि वर ओढली की जिथपर्यंत खडू ओला झाला तिथपर्यंत पाणी. पण टेप किती सोडायची ते आधी कळायला पाहिजे, नाहीतर खडू पाण्यापर्यंत पोचणारच नाही किंवा सगळाच बुडून धुऊन जाईल. त्यासाठी खडा. अण्णा कठड्यावर हात टेकून खडा सोडायचे, बोटांच्या पेरांवर मोजायला लागायचे, पाण्याचा आवाज आला की "हां" म्हणायचे, आणि लगेच आकडा सांगायचे; जितका उशीर तितकं पाणी खोल. मग टेप सोडायची. टेप आणि खडा यांच्यात चार बोटांपेक्षा जास्त फरक मी लहानपणी कधी बघितला नाही. "आधी विहिरीला विचारायचं, मग मोजायचं," असं ते म्हणायचे. पंचवीस वर्षांच्या रजिस्टरात त्यांची एक खाडाखोड नव्हती, आणि हे ते पाहुण्यांना चहा द्यायच्या आत सांगायचे.

त्या वर्षी ऑफिसात नवे साहेब आले. तरुण होते, बोलायला गोड, आणि त्यांनी तीन विहिरींवर मशीन बसवलं. विहिरीच्या तोंडाशी कुलूप लावलेली पेटी, तिच्यातून आत सोडलेली वायर, वायरीच्या टोकाला पाण्यात बुडालेला बोटाएवढा नळा. ते दिवसातून चार वेळा आपलं आपण मोजायचं. महिन्यातून एकदा एक माणूस जाऊन पेटीतले आकडे उतरवून आणायचा. अण्णांनी त्या आकड्यांकडं ढुंकूनही बघितलं नाही. "मशीनचं मशीनपाशी, माझं माझ्यापाशी," म्हणायचे. ऑफिसातही कुणी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले नव्हते, कारण दोन्ही वेगवेगळ्या टेबलावर जायचे. आता हे लिहिताना हसू येतं. आता माझ्या फोनवर सगळ्या मराठवाड्याचं पाणी रंगांत दिसतं, लाल म्हणजे आटलं, निळं म्हणजे आहे, आणि मी खिडकीतून बाहेर बघायच्या आधी फोनमध्ये बघते की पाऊस पडतोय का.

मला सुचलं ते त्या मशीनवरूनच. एका बाजूला खड्याचा आवाज आणि अण्णांचा आकडा, कॅसेटवर, हेडफोन लावून ऐकायचा. दुसऱ्या बाजूला त्याच विहिरीचा त्याच दिवसाचा मशीनचा आकडा, मोठ्या काळ्या कागदावर खडूनं लिहिलेला. मधे मी काढलेलं विहिरीचं तोंड, नुसता काळा गोल, कोळशानं घासून घासून केलेला. एकच पाणी, ते कानाला कसं कळतं आणि वायरीला कसं कळतं. सरांना सांगितलं तर ते खुर्चीतून उठून उभे राहिले. मी त्या दिवशी औरंगपुऱ्यापर्यंत जवळजवळ पळतच गेले. तिथं रईसभाईंचं टेप-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. अण्णांची आणि त्यांची जुनी ओळख, आमचा रेडिओ वर्षातून दोनदा त्यांच्याकडं जायचा. त्यांनी मला लांब वायरीचा माइक आणि रेकॉर्डर दिला आणि म्हणाले, "पाण्यात पाडू नको बेटा, पाडलास तर तूबी मागं उडी मार."

जानेवारीत अण्णांच्या स्कूटरवर मागं बसून मी गेले. आईनं फडक्यात बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा ठेचा आणि एक कांदा बांधून दिला होता. पहिल्या विहिरीवर अण्णांनी खडा सोडला, "हां" म्हणाले, आकडा सांगितला, आणि रजिस्टरात लिहून रजिस्टर मिटलं. टेप पिशवीतच राहिली. मी म्हणाले, "अण्णा, टेप?" म्हणाले, "कंबर वाकत नाय आता. अन खड्याला कळतंय सगळं." मला परत निघायची घाई होती, मी पुढं काही विचारलं नाही.

तिसरी विहीर कौसाबाईच्या रानातली. कौसाबाई म्हणजे एक उंच, काळी, खणखणीत बाई, नवरा वारल्यापासून सगळं रान एकटी बघायची. अण्णांना बघून बांधावरूनच म्हणाली, "मोजा, मोजा. मोजून वाढतंय का बघू." मग जवळ येऊन तिनं खरं विचारायचं ते विचारलं. कांद्याचं निम्मं रान लावून झालं होतं, निम्म्याची रोपं तयार होती. लावू का? अण्णांनी खडा सोडला. आकडा सांगितला, तो मागच्या खेपेपेक्षा बराच खाली होता. "पाणी गेलंय खाली, ताई. बेतानं घ्या ह्या वर्षी." ती विहिरीत वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. तुम्ही म्हणताय तर नाय लावत," आणि आम्हाला गूळ-शेंगदाणे आणायला गेली. हे सगळं माझ्या कॅसेटवर आहे, तिच्या बांगड्यांच्या आवाजासकट.

अण्णांनीच मला ऑफिसातून मशीनच्या आकड्यांचा कागद आणून दिला, खिशात चार घड्या घालून. स्वतः उघडला नव्हता. मी उघडला. तिन्ही विहिरींत मशीनचं पाणी अण्णांच्या पाण्यापेक्षा वर होतं. थोडंथोडकं नाही, जवळजवळ परसभर. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस, विहिरीची जुनी मापं अशीच असायची. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मला आनंद झाला. दोन्ही आकडे सारखे असते तर त्यात बघायचं काय होतं?

कॅसेट नीट कापून घ्यायला मी रईसभाईंकडं गेले. त्यांनी हेडफोन लावला, डोळे मिटले, एकदा ऐकलं, मागं फिरवलं, परत ऐकलं. मग हेडफोन काढून माझ्या कानाला लावला. "इथं ऐक. टप झालं. झालं ना? आता अण्णा बघ." टप झालं. मग विहीर घुमली. मग ते घुमणं विरायला लागलं आणि तेव्हा अण्णा "हां" म्हणाले. रईसभाई म्हणाले, "पाण्यानं कवाच जवाब दिला, बेटा. अण्णांना तो टप ऐकूच येत नाय, त्यांना नुसता घुमारा ऐकू येतो. रेडिओत खराबी नव्हती कधी. मी दर वेळी फडक्यानं पुसून परत देतो." त्यांनी कॅसेट माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "आधी कान दाखव त्यांचे. फोटो-बिटो नंतर लाव."

प्रदर्शनाला आठ दिवस होते. मी घरी गेले, अण्णा रेडिओपाशी बसले होते, आणि मी पडद्यापलीकडं जाऊन कोळसा घासायला लागले. आठही दिवस मी कानाडोळा केला. स्वतःला सांगायचे, प्रदर्शन झालं की सांगू. अण्णांना कुठं हेडफोन-बिफोन कळतंय, येतील, बघतील, जातील. त्यांचं एक वर्ष राहिलं होतं निवृत्तीला, आणि माझं सगळं आयुष्य पुढं होतं, असं मी म्हणत होते. पाय मात्र इतका हलायचा की आईनं एकदा तो धरूनच ठेवला.

प्रदर्शनाच्या दिवशी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आले, आणि एकटे आले नाहीत, साहेबांना घेऊन आले. मला काहीच बोलले नव्हते. कॉलेजच्या हॉलच्या दारातच म्हणाले, "साहेब, आपल्या डिपार्टमेंटचंच काम हाय पोरीनं केलेलं." मागं आई, हातात करंज्यांचा डबा. साहेबांनी हेडफोन लावला, ऐकलं, समोरचा काळा कागद वाचला. दुसरी विहीर ऐकली. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि खालच्या आवाजात विचारलं, "अण्णा, रजिस्टरला हेच आकडे गेलेत का?" अण्णा त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. मग साहेबांच्या हातातला हेडफोन घेऊन त्यांनी तो आपल्या कानांवर ठेवला, आवाजाची कळ पार शेवटपर्यंत फिरवली, आणि ऐकायला लागले.

इतक्या मोठ्या आवाजात अण्णांना तो टप ऐकू आला. त्यांचा चेहरा मी बघत होते. बोटांच्या पेरांवर त्यांनी मोजलं, मग स्वतःचं "हां" ऐकलं, आणि पेरावरचा अंगठा तसाच थांबला. तिन्ही विहिरी त्यांनी ऐकल्या. कौसाबाईच्या विहिरीवर दोनदा मागं फिरवून ऐकलं. हॉलमध्ये लोक येत-जात होते, कुणीतरी सरांना माझं कौतुक सांगत होतं. हेडफोन काढून अण्णांनी वायर नीट गुंडाळून ठेवली आणि म्हणाले, "साहेब, मशीन बरोबर हाय. टेप सोडली नव्हती मी. खड्यावरनं लिहिलं." साहेब म्हणाले, "उद्या ऑफिसात बोलू." माझ्याकडं अण्णांनी बघितलं नाही. आई डब्याचं झाकण उघडून उभी होती, आणि करंजी कुणाला द्यावी ते तिला कळेना.

घरी आल्यावर रेडिओ लागला नाही. आईनं वरण लावलं. "आज शिट्ट्या मोजता आल्या," ती म्हणाली, आणि मग भलतंच बोलून गेले असं तिला वाटलं असावं, कारण ती पदरानं उगाच कुकर पुसत बसली. ताटं वाढली. मी मान खाली घालून म्हणाले, "अण्णा, मला आधीच माहीत होतं." ते जेवत होते. मी परत म्हणाले. त्यांनी घास थांबवला, हात उचलला आणि कानामागं धरला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्यासमोर तसा हात धरला. मला ते वाक्य तिसऱ्यांदा म्हणायचं होतं आणि या वेळी ओरडून म्हणायचं होतं. ओरडले. "मला माहीत होतं, अण्णा. रईसभाईंनी सांगितलं होतं. तरी मी लावलं." समोरच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. असली गोष्ट हळू आवाजात सांगायची असते, तेवढी तरी सोय माणसाला असते. माझ्या वाट्याला ती आली नाही, आणि ते बरोबरच झालं असं आज वाटतं.

अण्णांनी वरणभात कालवला. म्हणाले, "मलाबी माहीत व्हतं." मग म्हणाले, "दसऱ्यापासून उजव्या कानानं काही ऐकू येत नाय. म्हणलं, डावा हाय की." आईनं पळी ताटलीत ठेवली. "आणि मी इतकी वर्षं ओरडतेय ते काय हौस म्हणून?" तिघांनाही ठाऊक होतं, आणि तिघांनीही ते मोजलं नव्हतं. मी विचारलं, परत ओरडून, की उद्या काम भिंतीवरून काढून टाकू का. म्हणाले, "राहू दे. खोटं काय हाय त्यात?" मग म्हणाले, "उद्या ऑफिस झालं की विहिरीवर जायचं. तू चल. आवाज तू ऐक, टेप मी सोडतो."

ऑफिसात काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. लेखी खुलासा मागवला होता एवढं पुढं कळलं. दुपारी आम्ही निघालो. वैजापूर ओलांडून थेट कौसाबाईचं रान. मी खडा सोडला, टप ऐकला, बोट वर केलं. अण्णांनी टेपला खडू फासला, एक गुडघा टेकून कठड्यावरून वाकले, आणि कंबर धरून "आई गं" म्हणत टेप सोडली. वर ओढली. ओला डाग बघितला. महिनाभर उपसा होऊनही पाणी त्यांच्या जानेवारीच्या आकड्याच्या वरच होतं. कौसाबाई खुरपं घेऊन तशीच आली. तिच्यामागं निम्म्या रानात कांदा हिरवागार आणि निम्मं रान नुसतं ढेकळांचं. अण्णा उभे राहिले आणि तिला म्हणाले, "ताई, मी चुकलो. मला नीट ऐकू येत नाय. पाणी व्हतं. तुम्ही लावायला पाहिजे व्हता."

मला वाटलं ती भडकेल. ती विहिरीकडं बघत म्हणाली, "मला दिसत तर व्हतं की. वरून तिसऱ्या चिऱ्याला पाणी लागलेलं, रोज बघते मी. पर तुम्ही आकडा सांगितला. म्हणलं, आपली नजर उतरली आसंल. आकडा खोटा कसा आसंल?" एवढं बोलून ती चहा ठेवायला वळली.

साहेबांच्या प्रश्नावर अण्णा ताठ उभे होते, त्या वाक्यावर मात्र ते कठड्यावर खाली बसले. हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणतात. त्या बाईनं काकण बघितलं होतं आणि विश्वास आमच्या आरशावर ठेवला होता. मला शिफारशीचं पत्र मिळालं, मी बडोद्याला गेले, पुढं जन्मभर याच गोष्टीची कामं करत राहिले: मापं, मशीनं, नकाशे, आणि त्यांच्यापुढं खाली झुकलेले डोळे. आताही माझ्या प्रदर्शनात लोक आधी चित्राखालची पाटी वाचतात आणि मग चित्र बघतात. मला राग येतो, मग कौसाबाई आठवते, मग कुणावर रागवायचं ते कळत नाही. हल्ली मुलगा येऊन टीव्हीचा आवाज कमी करतो आणि मी गुपचूप परत वाढवते.

अण्णांनी मांडीवर रजिस्टर उघडलं. पट्टी ठेवून जानेवारीच्या आकड्यावर लाल शाईनं एक सरळ रेघ मारली. पंचवीस वर्षांतली ती त्यांची पहिली खाडाखोड, तीही पट्टीनं. शेजारी आजचा आकडा लिहिला. शेवटचा रकाना शेऱ्याचा, त्यात ते "निरंक" लिहायचे, पानंच्या पानं निरंक. त्या दिवशी त्यांनी तिथं बारीक, सुबक अक्षरात लिहिलं: "मागील वाचन खड्यावरून घेतले, टेपने नाही. मोजणाऱ्यास कमी ऐकू येते." शाईवर फुंकर घातली. माझ्याकडं रजिस्टर वळवून धरलं आणि मी वाचेपर्यंत ते थांबले. मी वाचलं. कधी नव्हे तो माझा पाय हलत नव्हता. "शुद्धलेखन बघ," ते म्हणाले. मी म्हणाले, बरोबर आहे. त्यांना ऐकू आलं नाही, म्हणून मान डोलावून दाखवली. मग त्यांनी रजिस्टर मिटलं, खड्यांचा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "चल. उजेड हाय तवर अजून दोन विहिरी होतील."